निनावी आदेश आणि सहीचा आदेश : ‘एलियन’ (१९७९) व ‘एलियन्स’ (१९८६) या चित्रपटांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

चित्रपट हे इतिहासाचे साधन मानावे काय, याविषयी अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ संकोच होता. सीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ मध्ये जर्मन चित्रपटांच्या आधारे नाझीपूर्व जर्मनीच्या मनोवस्थेचा शोध घेतला, तर फ्रेंच इतिहासकार मार्क फेरो यांनी १९७० च्या दशकात चित्रपटाला दस्तऐवजाचा दर्जा मिळवून देण्याचा आग्रह धरला. तरीही विज्ञानकथा आणि भयकथा हे प्रकार या चर्चेच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. प्रस्तुत निबंधात अशाच एका भयपटाचा आणि त्याच्या युद्धपटसदृश उत्तरभागाचा विचार केला आहे. रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ भीतीचा आणि जेम्स कॅमेरॉन यांचा ‘एलियन्स’ शौर्याचा, अशी यांची सर्वसाधारण वाटणी केली जाते. ती चुकीची नाही, मात्र अपुरी आहे. माणसे मेली तर दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही चित्रपट वेगवेगळ्या ठिकाणी शोधतात, आणि त्यांमधील सात वर्षांचा अमेरिकन इतिहास या फरकात दडलेला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

‘एलियन’ची मूळ पटकथा डॅन ओ’बॅनन यांची, कथेत रोनाल्ड शुसेट यांचा वाटा होता. तिचे पुनर्लेखन वॉल्टर हिल व डेव्हिड गिलर यांनी केले. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ला अफाट यश मिळाले नसते, तर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने या पटकथेवर पैसा लावला असता की नाही, याची शंका वाटते. चित्रीकरण १९७८ मध्ये इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत झाले. स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांनी त्या प्राण्याला रूप दिले. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची भर पुनर्लेखनात पडली. जहाजावरील विज्ञान अधिकारी अ‍ॅश हा माणूस नसून कंपनीने पेरलेला यंत्रमानव आहे, हा कथाभाग हिल व गिलर यांचा. ओ’बॅनन यांच्या मूळ कथेतील धोका बाहेरून येणारा होता. या एका पात्रामुळे तो मालकाकडूनही येऊ लागला.

आदेश क्रमांक ९३७

‘नॉस्ट्रोमो’ हे मालवाहू जहाज दोन कोटी टन खनिज घेऊन पृथ्वीकडे परतत आहे. जहाजावर सात माणसे आणि एक मांजर. जोसेफ कॉनरॅड यांच्या १९०४ च्या कादंबरीवरून जहाजाचे नाव घेतले आहे. ती कादंबरी एका काल्पनिक दक्षिण अमेरिकन देशातील चांदीच्या खाणीभोवती आणि त्या खाणीने माणसांवर बसविलेल्या पकडीभोवती फिरते, हे येथे विसरून चालत नाही. चित्रपटाची सुरुवातही भयाने होत नाही; ती जेवणाच्या टेबलावरील पगाराच्या तक्रारीने होते. पार्कर आणि ब्रेट हे यंत्रविभागातील दोन कामगार आपला वाटा इतरांच्या निम्मा का, असे विचारतात. अनोळखी संदेशाचा शोध घेण्यास ते नकार देऊ लागताच अ‍ॅश करारातील कलम पुढे करतो : शोध न घेतल्यास सगळा वाटा जप्त. जहाज त्या ग्रहावर उतरते ते या कलमामुळे, कुतूहलामुळे नव्हे. प्राण्याने केनची छाती फोडण्याचा प्रसंग त्यानंतर बऱ्याच वेळाने येतो.

पुढे रिप्ली जहाजाच्या संगणकाला प्रश्न विचारते आणि तिच्यासमोर विशेष आदेश क्रमांक ९३७ येतो. प्राणी सुरक्षित आणावा, अन्य सर्व बाबी दुय्यम, माणसे गेली तरी चालतील, असा त्याचा आशय आहे. तो आदेश कोणी दिला? त्याला क्रमांक आहे, सही नाही. कंपनीचा एकही अधिकारी चित्रपटात दिसत नाही, आणि संवादांत तिचा उल्लेख केवळ ‘कंपनी’ असा होतो. १९७३ चा तेलाचा तुटवडा, १९७४ मध्ये निक्सन यांचा राजीनामा, १९७५ मध्ये सायगावचा पाडाव, आणि चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोनच महिने आधी, मार्च १९७९ मध्ये, थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीचा अपघात. एवढ्या घटना पाहिलेल्या प्रेक्षकाला असा निनावी आदेश अविश्वसनीय वाटण्याचे कारण नव्हते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने शेवटच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. एकटी वाचलेली रिप्ली अहवाल ध्वनिमुद्रित करते. मृतांच्या यादीत ती अ‍ॅशचेही नाव घेते, इतर सहकाऱ्यांच्या बरोबरीने. जहाज आणि माल नष्ट झाल्याचे ती सांगते. आदेश ९३७ चा मात्र त्या नोंदीत उल्लेख नाही, आणि तो ज्या संगणकात होता तो तर जहाजाबरोबर भस्मसात झालेला आहे. अधिकृत दफ्तरातून मालकाचा अपराध असा निसटतो. स्कॉट यांनी हे हेतुपूर्वक केले असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. परंतु उत्तरभागाने हाच धागा नेमका उचलला आहे.

चौकशी समिती

‘एलियन्स’मध्ये रिप्ली ५७ वर्षांच्या निद्रेनंतर सापडते आणि चौकशी समितीपुढे उभी राहते. समितीच्या मते जहाज त्या ग्रहावर ‘अज्ञात कारणास्तव’ उतरले. कंपनीच्या आदेशावरूनच उतरलो, हे रिप्लीचे सांगणे कोणी मान्य करीत नाही, कारण कागद नाही. तिचा परवाना निलंबित होतो आणि ती गोदीत माल चढविण्याचे काम पत्करते. ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना रेगन यांनी बडतर्फ केले होते. त्या देशातील प्रेक्षकाला परवाना आणि नोकरी गमावण्याचा अर्थ समजावून देण्याची गरज नव्हती. पहिल्या भागातील श्रमिकांचा प्रश्न येथे इतकाच उरतो. यापुढे कामगारांची जागा सैनिक घेतात.

या सैनिकांच्या चित्रणामागे व्हिएतनामची प्रेरणा असल्याचे कॅमेरॉन यांनी स्वतः मान्य केले आहे. त्याच काळात ते ‘रॅम्बो’च्या दुसऱ्या भागाची (१९८५) पटकथा लिहीत होते. त्या चित्रपटात व्हिएतनाम जणू पुन्हा लढून जिंकले जाते. ‘एलियन्स’कडेही रेगनकालीन विजयपट म्हणून बोट दाखविले जाते. मला ते पटत नाही. लेफ्टनंट गॉर्मनच्या गाठीशी प्रशिक्षणातील ३८ मोहिमा आहेत आणि प्रत्यक्षातील ही धरून दोनच. तो चिलखती गाडीत बसून पडद्यांवर आपली माणसे मरताना पाहतो आणि त्याच्या तोंडून आदेश फुटत नाही. ज्या केंद्रात शिरायचे त्याच्या शीतक यंत्रणेखाली गोळीबार करणे धोक्याचे, म्हणून सैनिकांचा दारूगोळा आधीच काढून घेतलेला. तरीही कोणी गोळ्या झाडतातच, आणि शेवटी यान कोसळून झालेल्या नुकसानीमुळे अणुभट्टी फुटते. तुकडीतील एकटा हिक्स जखमी अवस्थेत वाचतो. या मोहिमेला विजय म्हणणे कठीण आहे.

बर्कची सही

मग १९८६ चा प्रेक्षक समाधानाने घरी का गेला? माझ्या मते त्याची दोन कारणे आहेत. एक, न्यूट ही मुलगी वाचते. दुसरे कारण अधिक गंभीर. त्या ग्रहावर साठ-सत्तर कुटुंबे वसविलेली आहेत, आणि त्यांना परक्या जहाजाकडे पूर्वसूचनेविना कोणी पाठविले, हे रिप्ली वसाहतीच्या नोंदवहीत शोधून काढते. या वेळी आदेशाला तारीख आहे आणि सहीही आहे : कार्टर बर्क. हक्क आपल्या हाती राहावेत म्हणून त्याने हे केले. म्हणजे ५७ वर्षांपूर्वी क्रमांकामागे लपलेला अपराध आता एका लोभी, गोडबोल्या तरुण अधिकाऱ्याच्या नावे जमा होतो, आणि तो मरताच खाते बंद होते. कंपनी तशीच राहते; तिला पुन्हा कोणी प्रश्न विचारीत नाही. माय लाय येथील १९६८ च्या हत्याकांडाबद्दल एकटे लेफ्टनंट विल्यम कॅली १९७१ मध्ये दोषी ठरले होते, याचे येथे स्मरण होते.

भारतीय वाचकाला डिसेंबर १९८४ चे भोपाळ आठवणे स्वाभाविक आहे. कंपनी, वस्ती आणि धोक्याची न दिलेली सूचना, हे सगळे तेथेही होते. तथापि कॅमेरॉन यांचा पहिला आराखडा १९८३ चा आहे, त्यामुळे प्रभावाचा दावा करता येणार नाही. हे साम्य पाहणाऱ्याच्या अनुभवातले आहे, निर्मात्याच्या हेतूतले नव्हे. दोहोंची गल्लत तौलनिक अभ्यासात वारंवार होते.

पाठभेद

जुन्या पोथ्यांप्रमाणे या चित्रपटांनाही पाठभेद आहेत. ‘एलियन्स’ची चित्रपटगृहातील प्रत १३७ मिनिटांची, तर १९९० च्या दशकाच्या आरंभी आलेली विस्तारित प्रत १५४ मिनिटांची आहे. दुसरीत रिप्लीला आपली मुलगी म्हातारी होऊन वारल्याचे कळते, त्यामुळे न्यूटविषयीची तिची ओढ अधिक समजते. १९८६ च्या प्रेक्षकाने हा प्रसंग पाहिलेला नव्हता. म्हणून ‘रेगनकाळातील मातृत्वाचा गौरव’ असे विवेचन विस्तारित प्रतीवरून करणे कालविपर्यास ठरते. प्रस्तुत विवेचन मूळ प्रतींपुरतेच मर्यादित ठेवले आहे.

१९९२ च्या तिसऱ्या भागात न्यूट व हिक्स आरंभीच्या मिनिटांतच मरण पावतात. अखेरीस कंपनीची माणसे स्वतः येऊन पोहोचतात, आणि रिप्लीला विश्वास वाटावा म्हणून पुढे केलेल्या माणसाचा चेहरा बिशपचा, म्हणजे दुसऱ्या भागात तिला वाचविणाऱ्या यंत्रमानवाचा असतो. तो तिला हात पुढे करतो. ती मागे सरकते आणि भट्टीत उडी घेते.