गिटार एकच, नेक दोन, मग दोन्हींचा आवाज वेगळा का? पेडल स्टीलचं कोडं समजून घ्या!

अमेरिकन कंट्री म्युझिक ऐकताना मागून एक रडवेला, लांबत जाणारा सूर येतो. तो बहुतेक वेळा पेडल स्टील गिटारचा असतो. हे वाद्य मांडीवर किंवा गळ्यात नसतं. ते चार पायांवर टेबलासारखं उभं असतं. वादक समोर बसून डाव्या हाताने तारांवर धातूचा जड दांडा सरकवतो, उजव्या हाताने तारा छेडतो आणि पायाने व गुडघ्याने तारांचा ताण बदलतो.

याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या हवाईमध्ये आहे. आपल्याकडे व्हॅन शिप्ली आणि हजारासिंग यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना ज्या हवाईयन गिटारवर वाजवल्या, ती याच घराण्यातली, फक्त पेडलशिवायची.

पेडल स्टीलच्या मोठ्या मॉडेलला शेजारी-शेजारी दोन नेक असतात. प्रत्येकावर १० तारा. बॉडी एक, अ‍ॅम्प्लिफायर एक, अनेकदा पिकअपही सारखेच. तरी एक नेक लखलखीत वाजतो आणि दुसरा भारदस्त, कधीकधी घोगरा. असं का?

दोन नेक, दोन स्वभाव

वादकापासून लांबचा नेक सहसा ‘ई-नाइन्थ’ ट्यूनिंगचा, म्हणजे नॅशव्हिलच्या कंट्री संगीताचा. जवळचा ‘सी-सिक्स्थ’, म्हणजे वेस्टर्न स्विंग आणि जॅझचा.

ई-नाइन्थच्या तारा चढत्या क्रमात नसतात. सर्वांत उंच सुराची तार पहिली नसून तिसरी असते. पेडल दाबलं की एक सूर वर सरकतो आणि बाजूचा जागेवरच राहतो. तो ‘रडवेला’ आवाज इथूनच येतो. १९५४ साली वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी ही करामत केली आणि कंट्री संगीताचा आवाजच बदलला. पुढे बडी एमन्स यांनी या ट्यूनिंगमध्ये मोलाची भर घातली.

पहिलं कारण : तारांची जाडी

ई-नाइन्थची सर्वांत खालची तार साधारण १२३ हर्ट्झला वाजते, तर सी-सिक्स्थची सुमारे ६५ हर्ट्झला. म्हणजे जवळपास एक सप्तक खाली. दोन्ही नेकची लांबी मात्र सारखीच, साधारण २४ इंच. लांबी न वाढवता सूर खाली न्यायचा तर तार जाड करावी लागते. म्हणून ई-नाइन्थची खालची तार सुमारे ०.९ मिलिमीटर, तर सी-सिक्स्थची १.७ ते १.८ मिलिमीटर जाड असते.

जाड तार ताठ असते. तिचे वरचे उपस्वर नेमक्या जागी बसत नाहीत, त्यामुळे आवाज थोडा धूसर वाटतो. शिवाय पिकअपसमोर जास्त लोखंड हलतं, म्हणून सिग्नलही जोरात जातो.

दुसरं कारण : एकच अ‍ॅम्प्लिफायर

ई-नाइन्थ टोचू नये म्हणून ट्रेबल कमी केला की सी-सिक्स्थ गढूळ होतो. सी-सिक्स्थ मोकळा करायला बेस कमी केला की ई-नाइन्थ पातळ वाटतो. गाणं चालू असताना नेक बदलायला एक स्विच पुरतो, पण अ‍ॅम्प्लिफायरची बटणं फिरवायला वेळ नसतो. म्हणून अनेक वादक दोन्हींच्या मधली जागा शोधतात.

तिसरं कारण : हात आणि पिकअप

तार पुलाजवळ छेडली तर आवाज धारदार, लांब छेडली तर गोल. लांबच्या नेकवर हात पुढे करावा लागतो, त्यामुळे छेडण्याची जागा नकळत बदलू शकते. पिकअप तारांच्या किती जवळ आहे, यानेही फरक पडतो.

मग दोष कुणाचा, हे कसं ओळखायचं?

इथेच अनेकांची फसगत होते. सी-सिक्स्थ घोगरा वाटला की नवा पिकअप विकत घेतला जातो, पैसे जातात आणि घोगरेपणा तसाच राहतो.

आधी एक फुकटची चाचणी करता येते. ई-नाइन्थची चौथी आणि सी-सिक्स्थची दुसरी तार एकाच ‘ई’ सुराला, सुमारे ३३० हर्ट्झला लावलेली असते. दोन्हींची जाडीही सहसा सारखीच, सुमारे ०.३६ मिलिमीटर. दोन्ही पुलापासून सारख्याच अंतरावर, सारख्याच जोराने छेडायच्या.

आवाज जवळपास सारखा आला, तर पिकअप ठीक आहेत. फरक ट्यूनिंगचा आणि जाड तारांचा आहे. स्पष्ट फरक आला, तर आधी तारा नव्या घालायच्या, मग पिकअपची उंची सारखी करायची. त्यानंतरही फरक उरला, तरच पिकअप बदलण्याचा विचार.

दोन नेक खरंच लागतात का?

दोन नेकची गिटार केससकट ३० किलोच्या आसपास भरते. म्हणून अनेक कंट्री वादक फक्त ई-नाइन्थ ठेवतात आणि दुसऱ्या नेकच्या जागी हात टेकायला गादी बसवतात. काही जण १२ तारांचा एकच ‘युनिव्हर्सल’ नेक वापरून दोन्ही ट्यूनिंगचं काम भागवतात.

पण ज्याला एकाच कार्यक्रमात रडवेलं कंट्री आणि झुलतं स्विंग दोन्ही वाजवायचं आहे, त्याच्यासाठी हा फरक दोष नाही. दोन नेक बनवले गेले ते दोन वेगळे आवाज मिळावेत म्हणूनच!