उन्हाळ्यातील राजधानी



या व्यासपीठावर इतिहासाचे मोठमोठे अभ्यासक बोलून गेले. आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते जिनिंगच्या फाटकाशी आणि वाचनालयाच्या बाकावर. म्हणून राजधानीत बसणाऱ्यांचा इतिहास आम्ही बाजूला ठेवतो आणि अर्ज घेऊन राजधानीस जाणाऱ्यांचा सांगतो.

आमचे देऊळघाट पैनगंगेकाठचे जुने गाव. गाव जागचे हलले नाही; राजधान्या मात्र हलत राहिल्या. निजामाच्या अमलात हैदराबादकडे पाहावे लागे. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी सूत्रे हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाती राहिली. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि आमची वाट नागपूरकडे वळली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. तेव्हापासून राजूर घाट उतरायचा, मलकापूरला गाडी धरायची आणि पाचशेच्या आसपास किलोमीटर तुडवून मुंबई गाठायची, हा आमचा रिवाज.

राजधानी कोणतीही असो, आमच्या माणसाचा तिकडे जाण्याचा काळ एकच, उन्हाळा. कापूस वेचून झालेला असतो, रब्बी घरात आलेली असते, जिनिंगचा हंगाम आटोपलेला असतो. एकदा मृग लागला की कोणाला फुरसत नाही. गरिबाला सवड मिळते ती चैत्र-वैशाखात.

आता दुसरी बाजू पाहा. इंग्रजांच्या राज्यात नेमक्या याच महिन्यांत सरकार राजधानीत नसे! हिंदुस्थान सरकार १८६४ पासून उन्हाळ्यात सिमल्यास जाऊ लागले. मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास असत. मध्यप्रांताचे सरकार नागपूर सोडून पचमढीस चढे. म्हणजे अर्जदार घाम गाळीत राजधानीस पोहोचे, तेव्हा अर्ज ऐकणारा डोंगरावर गेलेला असे. यात कोणी मुद्दाम दुष्टावा केला असे आम्ही म्हणत नाही. पण राज्याचे पंचांग आणि रयतेचे पंचांग यांचा मेळ नव्हता, एवढे खरे.

मग अर्जदाराने काय करावे? याचे उत्तर मुंबईच्या गिरणी कामगारांनी दिले, आणि तेही भर उन्हाळ्यात. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले गृहस्थ. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या किती साध्या होत्या पाहा : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला मदत. साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. अर्ज सरकारकडे गेला आणि वर्षे लोटली.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. १८९० सालची ही गोष्ट आहे, श्रोतेहो! गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम महाबळेश्वरी हलण्याचे ते दिवस. पण गिरण्या काही महाबळेश्वरी जात नाहीत. गिरणी चालवणारे हात शहरातच होते आणि मालकही जवळच होते. पुढे दीडेक महिन्यातच, १० जून १८९० रोजी, मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती आली. लोखंडे १८९७ साली प्लेगाच्या साथीत गेले.

आमचा स्वतःचा अनुभव याहून फार लहान आहे. वीसेक वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आम्ही जिनिंगचे सात-आठ जण मजुरीचा अर्ज घेऊन मुंबईस गेलो. आपल्याकडचे ऊन भाजते, मुंबईचे ऊन शिजवते. ज्या कचेरीत जायचे तेथे साहेब रजेवर. “सोमवारी या,” असे शिपाई म्हणाला. जवळ पैसे बेताचे. आम्ही आझाद मैदानावर पथारी पसरली. शेजारी अंगणवाडीच्या बाया धरणे धरून बसल्या होत्या. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी आमचा अर्ज मागून घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “भाऊ, ही तर भीक मागितली तुम्ही. यात कायद्याचं कलम कुठंय?” त्या रात्री मैदानातल्या दिव्याखाली आम्ही अर्ज नव्याने लिहिला, १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या आधाराने. मजुरीतला फरक पुढे मिळाला. सगळा नाही, पण मिळाला. साहेबांची भेट मात्र त्या खेपेस झाली नाही ती नाहीच.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईस निघाले. सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालले, कित्येकांचे पाय सोलवटले. शेवटच्या रात्री ते झोपले नाहीत; सकाळी दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून रातोरात आझाद मैदानावर पोहोचले. विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. त्यातले पुरते अंगवळणी पडले नाही म्हणून पुढे २०१९ आणि २०२३ सालीही त्यांना पुन्हा चालावे लागले. आश्वासन मिळणे आणि ते अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राजधानीतील खुर्ची पुष्कळदा रिकामी असते. पण मैदान रिकामे नसते. तेथे आपल्यासारखाच दुसरा अर्जदार भेटतो, आणि मागणे व मागणी यांतला फरक तोच शिकवतो. आमच्या मते राजधानीच्या यात्रेचे खरे पुण्य हे आहे.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांना रविवार मोकळा मिळतो, तो कोणाच्या घामाचा हे आपण आता ऐकले. उद्या सकाळी आपल्या दारी घंटागाडी येईल. तिच्यावरच्या माणसाला एवढेच विचारा : “दादा, तुम्हाला आठवड्याची सुटी मिळते का? आणि मिळाली तर त्या दिवसाचा पैसा कापतात का?” तो काय सांगतो ते ऐकून घ्या. लोखंड्यांचा अर्ज अजून निकाली निघाला आहे की नाही, हे त्यावरून आपले आपणच ठरवा.