पाटीवरचे घोडे

शक्तीचा बाजार नांदेड-लातूरला नवा नाही. कंधार, मुखेड, लोह्याकडचा लाल कंधारी आणि देवणी, उदगीर, निलंग्याकडचा देवणी या दोन जातींचे बैल या भागाने पिढ्यान् पिढ्या सांभाळले. उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार आणि लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा ही त्यांच्या खरेदी-विक्रीची मोठी ठिकाणे. घेणारा आधी दात बघतो, जनावर आदत आहे की दुसा, चौसा आहे की जुळलेले, ते ठरवतो. मग खांदा, खूर, चाल. पण शहाणा गिऱ्हाईक एवढ्यावर पैसे मोजत नाही. तो जू ठेवून बघतो, भरली गाडी ओढायला लावतो आणि चढावर बैल दमतो का, ते पाहतो. वजन माहीत, रस्ता माहीत, मग लागणारा वेळ आणि लागणारा दम डोळ्यांसमोर. आज टर्बो बसवलेल्या मोटारीचे ट्यूनिंग करून घेणारा तरुण ‘वीस घोडे वाढले’ असे सांगतो, तेव्हा त्याला विचारण्याचे प्रश्न तेच असतात: वजन किती, अंतर कोणते, वेळ किती, आणि मोजले कुठे? या दोन जिल्ह्यांतला अश्वशक्तीचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. पैसा जोवर प्रत्यक्ष कामावर लागत होता, तोवर मोजमाप खरे राहिले. तो यंत्राच्या पाटीवरच्या आकड्यावर लागू लागला तसा तो आकडा कामापासून सुटला.

मोटेपासून पाहू. विहीर किती परस खोल, मोट किती घागरींची, सूर्य डोक्यावर येईपर्यंत किती वाफे भिजले, यात शक्तीचा सगळा हिशेब येत असे. नाडा मोटेच्या तोंडाला, सोल तिच्या सोंडेला. बैल धावेवरून उतरत जातात, मोट वर येते, सोल ओढला जाऊन सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि बैल पाठमोरे परत चढतात. समजा मोटेत दीडशे लिटर पाणी, उपसा दहा मीटरचा आणि एका खेपेला दीड मिनिट. गणित केले तर ही बैलजोडी सुमारे १६३ वॅट, म्हणजे जेमतेम पाव अश्वशक्ती, इतके पाणी-काम करते. बैलांची ताकद याहून पुष्कळ जास्त असते; पण बराच वेळ परत चढण्यात जातो आणि बराच जोर चाकाच्या, कण्याच्या घर्षणात मुरतो. मोटकऱ्याला वॅट माहीत नव्हते, तरी त्याचे मोजमाप पाण्याच्या टोकाला होते. जोडी कितीला घेतली याच्याशी वाफ्याला काही देणेघेणे नव्हते.

यावर कोणी म्हणेल की हे मोटेचे भाबडे कौतुक झाले. मोट हा माणसाचा आणि जनावराचा जीव काढणारा उद्योग होता, पाव अश्वशक्तीत किती शेत भिजणार, दुष्काळात तर विहिरीने तळ गाठला की सगळेच संपले. हे सगळे खरे आहे, आणि मोट गेली याची हळहळ करण्याचे कारण नाही. प्रश्न मोट चांगली होती का, हा नाही; मोजण्याची जी जागा तिने धरली होती ती पुढे का सुटली, हा आहे.

अश्वशक्ती हे एकक मुळात जन्मले तेच वसुलीसाठी. जेम्स वॉट अठराव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांना वाफेची इंजिने देत होता. त्या गिरण्या तोवर घोड्यांवर चालत. आपले इंजिन किती घोड्यांचे काम करते, त्यावर त्याला वर्षाचा मोबदला ठरवायचा होता. म्हणून त्याने हिशेब बांधला: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, आजच्या भाषेत सुमारे ७४६ वॅट. सामान्य घोडा दिवसभर इतके काम ओढू शकत नाही. पुढे युरोपात सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलण्याची मेट्रिक अश्वशक्ती आली. ती सुमारे ७३५.५ वॅटची. मोटारींच्या माहितीपत्रकांत ‘पीएस’ लिहितात ती हीच. दोन्हींतला फरक दीड टक्क्याच्या आतला. पण दोन वेगळ्या कागदांवरचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढ’ काढणाऱ्यांना तो माहीत असलेला बरा.

मराठवाड्यात हे एकक शेतापर्यंत आणले ते डिझेल इंजिनाने. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. वीज शिवारात यायला आणखी वेळ लागला. मधली पोकळी इंजिनाने भरली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ ला निघाली, आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांवर पाच अश्वशक्ती देणारे एका सिलिंडरचे इंजिन विहिरीच्या काठावर ओळखीचे झाले. हँडल मारायचे, पट्टा चढवायचा, पंपात पाणी भरून हवा काढायची. या काळात आकडा पाटीवर असला तरी पैसा डिझेलवर लागत होता, आणि हा भेद मोठा आहे. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराखाली तासाला साधारण एक लिटरभर डिझेल खाते. पंप झिजला, पट्टा घसरू लागला, फूटव्हॉल्व्ह गळू लागला, की त्याच डिझेलमध्ये भिजणे कमी होते आणि त्याची झळ त्याच आठवड्यात खिशाला लागते. म्हणून शेतकरी कॅन आणि वाफा एकाच हिशेबात धरत असे. त्याला कुणी मोजायला शिकवले नव्हते, बिलाने शिकवले.

वीज आल्यावर हेच व्हायला हवे होते, आणि सुरुवातीला झालेही. मीटर होते, युनिटप्रमाणे आकारणी होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात कृषिपंपांना अश्वशक्तीप्रमाणे ठोक आकारणी सुरू झाली. तीनची मोटार, पाचची मोटार, साडेसातची मोटार: इतक्या अश्वशक्तीला इतके रुपये, मग ती चार तास चालो की चौदा. वॉटची वार्षिक आकारणीच जणू दोनशे वर्षांनी नव्या वेशात आली. या निर्णयाचे समर्थन होते आणि ते पोकळ नव्हते. शिवारात विखुरलेले पंप, पावसाळ्यात जाता न येणाऱ्या वाटा, मीटर वाचायला माणसे नाहीत आणि वाचनाचा खर्च वसुलीच्या मानाने जड. गरीब शेतकऱ्याला बिलाची खात्रीही हवी होती. राज्य वीज मंडळाने ठोक दर लावला यात मी चूक मानत नाही. चूक पुढची आहे. जो आकडा केवळ वसुलीसाठी होता, तोच हळूहळू विजेच्या वापराचे माप म्हणून चालू लागला. किती अश्वशक्ती जोडली, ती सरासरी किती तास चालली असेल, या गुणाकारातून शेतीचा वीजवापर काढला जाऊ लागला, आणि हा अंदाज वीज नियामक आयोगासमोर पुन्हा पुन्हा वादाचा विषय झाला. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटांनी त्यावर आक्षेप घेतले ते याचसाठी: शेतीच्या नावावर टाकलेल्या युनिटांत गळती आणि चोरी किती दडली, हे पाटीवरून कळणे शक्यच नाही.

पाटी का खरी राहत नाही, ते वाइंडिंगच्या दुकानात समजते. मोटार जळते, भरायला येते. तार कोणत्या गेजची, वेढे किती, यावर तिची ताकद बदलते, पण पाटी जुनीच राहते. आकारणी पाटीवर असेल तर पाटी लहान आणि मोटार मोठी असण्यात मालकाचा फायदा. दुसरीकडे डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, भार वाढला की व्होल्टेज पडते, आणि इंडक्शन मोटारीचा पीळ (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. व्होल्टेज दहा टक्के पडले तर पीळ एकोणीस टक्क्यांनी गेला. मोटार गरम होते, पुन्हा जळते, पुन्हा दुकानात येते.

लातूरच्या बोअरवर तर हा आकडा आणखी उघडा पडतो. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट. पंप चाळीस टक्के कार्यक्षम धरला, तर पाण्याला मिळतात दीड किलोवॅट, म्हणजे दोन अश्वशक्ती. पाटीवर पाच, पाण्यात दोन. उघड्या विहिरीतून पंधरा मीटरवरून उपसा असेल तर एवढ्यात सेकंदाला दहा लिटर पाणी येते. तेच दीडशे मीटर खोल बोअरमधून आणायचे तर एक लिटर. पाटी तीच, दर तोच, पाणी दहावा भाग. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या बोअरवरची अश्वशक्ती कागदावर रतीभरही कमी झालेली नव्हती. आणि २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, तेव्हा तो आकडा मापाचा उरला नाही, हद्दीचा झाला. हद्दीच्या अलीकडे राहण्यात ज्याचा लाभ आहे, त्याच्या पाटीवर विश्वास ठेवून कुणी भूजलाचे नियोजन करू नये.

रस्त्यावरच्या मोटारीच्या ट्यूनिंगमध्ये लोभाची दिशा उलटी आहे. इथे आकडा मोठा दिसावा असे विकणाऱ्याला वाटते आणि घेणाऱ्यालाही. आधार मात्र खरा आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये टर्बोचे पेटंट घेतले, त्यामागची कल्पना सरळ होती: फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा कोंबा, जास्त हवा, जास्त इंधन, जास्त काम. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेले फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएसचे होते, आणि बदलत्या भूमितीचा टर्बो लावून तेच अर्टिगामध्ये ९० पीएसचे झाले. म्हणजे वाढ होते, यात शंका नाही. शंका ती किती झाली यात आहे. माहितीपत्रकातला आकडा इंजिनाचा असतो, बाकावर बसवून काढलेला. गाडीची चाके फिरवून मोजणाऱ्या रोलर डायनोवर मिळतो तो चाकाचा, गिअरबॉक्स आणि टायरमधली झीज वजा जाऊन. जुनी बाजू पत्रकातून आणि नवी बाजू अंदाजाने ‘इंजिनावर नेऊन’ घेतली, की वाढ कागदावरच तयार होते.

हवेचा हिशेब यात सर्वांत जास्त चुकतो. लातूर समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, नांदेड साडेतीनशेच्या. लातूरची हवा मुळातच सुमारे सात टक्के विरळ, त्यात मे महिन्यातले बेचाळीस अंश; पंचवीस अंशांच्या मानाने ती हवा आणखी पाच टक्के पातळ. म्हणून डायनोवर आकडा पंचवीस अंश आणि ९९ किलोपास्कल या प्रमाण स्थितीला आणतात. पण टर्बो स्वतःच हवा दाबून ही तूट पुष्कळशी भरून काढतो. साध्या इंजिनाचा पूर्ण सुधारणांक टर्बो इंजिनाला लावला, की साठ अश्वशक्ती पासष्ट होऊन बाहेर पडते, आणि यंत्रात एक स्क्रूही फिरलेला नसतो. म्हणून सुधारलेल्या आकड्याच्या शेजारी कच्चा आकडा, तापमान, दाब आणि गिअर लिहिलेला नसेल, तर ते प्रमाणपत्र नव्हे.

एवढी काटेकोरी हौशी माणसाला परवडेल का, असे विचारले जाते. परवडते, कारण खरी गरज एका निरपेक्ष आकड्याची नसून आधी-नंतरच्या फरकाची आहे. चालकासह बाराशे किलोची गाडी एकाच गिअरमध्ये ताशी साठवरून शंभरवर न्यायला जी ऊर्जा लागते ती सुमारे २ लाख ९६ हजार जूल. नऊ सेकंद लागले तर निव्वळ वेग वाढवायला सरासरी पंचेचाळीस पीएस खर्ची पडले, साडेसात सेकंद लागले तर चौपन्न. वाऱ्याचा रोध दोन्ही वेळा जवळपास तोच, म्हणून फरक विश्वासाचा. बंद धावपट्टीवर, दोन्ही दिशांनी, त्याच टायरदाबाने, तेवढ्याच इंधनाने केलेली ही मोजणी बैलांच्या शंकरपटात सेकंद मोजणाऱ्या पंचाइतकीच स्पष्ट असते. कंपनीचे प्रमाणीकरण आहे ना, हा आक्षेप इथे लागू पडत नाही. ते कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचे होते, ट्यूनिंग करून बदललेल्या इंजिनाचे कुणी केलेले नाही.

आकडा विकणाऱ्याच्या हातून मोजमाप काढून घेतले की काय होते, याचा दाखला शेतीतच आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर या शेतकरी आमदाराला सांगितलेली ताकद न देणाऱ्या ट्रॅक्टरांनी छळले होते. १९१९ मध्ये तिथे कायदा झाला: आधी चाचणी, मग विक्री. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या बुदनीचे १९५५ ला निघालेले केंद्र ट्रॅक्टर तपासते, पुण्यात १९६६ ला निघालेली एआरएआय ही संस्था वाहने. पण ही सारी नव्या यंत्रांची तपासणी. शेतात दहा वर्षे झिजलेल्या पंपाला आणि गॅरेजमधून बदलून आलेल्या मोटारीला तपासणारे कुणी नाही.

हे काम दूरचे नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच गावच्या धरणातून गोदावरीचे पाणी पंपांनी उचलले जाते. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला दोरी-ब्रेक शिकवतात: फिरत्या चाकावर दोरी, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला काटा, दोन्हींतला फरक गुणिले वेग. फ्रान्सच्या प्रोनीने १८२१ मध्ये लाकडी ठोकळ्यांनी जे केले त्याचेच हे भावंड. पंपासाठी तेही लागत नाही. दोनशे लिटरचा पिंप, घड्याळ, बोअरमध्ये पाण्याची पातळी सांगणारी दोरी आणि स्टार्टरपाशी लावायचा क्लॅम्प मीटर एवढ्यावर पाण्याची अश्वशक्ती आणि विजेची अश्वशक्ती एकाच कागदावर मांडता येते. एका तालुक्यातले शंभर पंप असे मोजून पाटीवरचा, विजेचा आणि पाण्याचा असे तीन आकडे शेजारी लिहिले, तर आयोगापुढे, भूजल विभागापुढे आणि खुद्द शेतकऱ्यापुढे ठेवायला आजच्यापेक्षा खरा कागद तयार होईल.