केयसचं जहाज आणि न्यू जर्सीतली गाडी

आज विम्याच्या इतिहासातल्या एका जुन्या प्रश्नाविषयी बोलायचं आहे, पण सुरुवात एका गाडीपासून करू. आमचा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे वापरलेली माझदा मियाटा आहे. दोन माणसांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, ‘सर, गाडीची किंमत सहा हजार डॉलरवर आली. कोलिजनचा विमा ठेवू की सोडू?’ तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांना असले प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आम्ही खूश झालो आणि घाईने उत्तर दिलं. ते चुकलं.

आधी कोलिजन म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत गाडीच्या विम्याचे वेगवेगळे भाग असतात. आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा एक, लायबिलिटी. आपली गाडी धडकली वा उलटली तर आपल्याच गाडीसाठी दुसरा, तो कोलिजन. चोरी, आग, गारपीट यांच्यासाठी तिसरा, काँप्रिहेन्सिव्ह. आता गंमत बघा, हरीण आडवं आलं आणि गाडी त्याच्यावर धडकली, तर ते कोलिजनमध्ये धरत नाहीत, तिसऱ्या भागात धरतात! तर्कशास्त्रातल्या व्याख्या आम्ही जन्मभर शिकवल्या, पण ही सुचली नसती.

आपली जोखीम पैसे देऊन दुसऱ्यावर टाकायची सोय फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रानातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला दरमहा शेकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा २० असं व्याज सांगितलं आहे. त्यातला मोठा भाग जोखमीचाच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. जहाज बुडालं की हुंडीही बुडाली. हे सगळं अनुभवावर आणि पेढीवरच्या विश्वासावर चाले.

विमा कुणी घ्यावा आणि कुणी घेऊ नये, हा प्रश्न नीट गणितात मांडला तो डॅनिएल बर्नुलीने. त्याचा लॅटिन निबंध १७३८ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने छापला. त्यात केयस नावाचा एक व्यापारी आहे. त्याने अॅमस्टरडॅममध्ये माल घेतला आहे, जो पीटर्सबर्गला १०,००० रूबलला विकेल. त्या ऋतूत १०० जहाजांतली ५ बुडतात, आणि विमा ८०० रूबलच्या खाली मिळत नाही. सरासरीचा हिशेब केला तर धोक्याची किंमत ५०० रूबल होते. म्हणजे ३०० रूबल जादा जातात. मग केयसने विमा घेऊच नये?

बर्नुली म्हणतो, थांबा. या मालाशिवाय केयसच्या गाठीला किती आहे ते सांगा. त्याचं म्हणणं असं, की पैशाची थोडी वाढ किंवा घट माणसाला किती जाणवते, ते त्याच्याजवळ आधी किती आहे त्यावर अवलंबून असतं. ज्याच्याकडे थोडं, त्याला तीच घट जास्त लागते. हे धरून त्याने चक्क आकडा काढला. केयसकडे बाजूला ५,०४३ रूबल असतील तर त्याने विमा न घेणं शहाणपणाचं. कमी असतील तर महाग वाटला तरी घ्यावा. आणि विमा देणाऱ्याकडे निदान १४,२४३ रूबल असावेत, नाहीतर त्याने या फंदात पडू नये. जहाज तेच, समुद्र तोच, पण उत्तर माणसागणिक बदलतं. आम्हाला हा निबंध तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात हवा होता. आमचं कुणी ऐकलं नाही, ते असो.

पुढे मोटारी आल्या आणि प्रश्नाचे दोन तुकडे झाले. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा केला: मॅसॅच्युसेट्समध्ये १९२७ पासून, ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने, आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्याखाली १ जुलै १९४६ पासून. रस्त्यावरच्या पादचाऱ्याने तुमच्या हिशेबावर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार. स्वतःच्या गाडीचं काय करायचं ते मात्र कायद्याने मालकावर सोडलं. गाडी कर्जाची असेल तर कर्ज देणारा आग्रह धरतो, तेवढंच. केयसचा प्रश्न शिल्लक राहिला तो इथे.

आता आमची चूक. विद्यार्थ्याचा कोलिजनचा प्रीमियम वर्षाला ४२० डॉलर. नुकसानीतले पहिले १,००० त्याने स्वतः सोसायचे. गाडी पार गेली तरी हाती फार तर ५,००० येणार. म्हणजे बारा वर्षांत एकदा गाडी पुरती गेली तर हिशेब बरोबरीत. त्यात जुन्या गाडीचं आणखी एक त्रांगडं असतं. किंमत उतरत जाते, प्रीमियम त्या वेगाने उतरत नाही. आणि मध्यम धडकेतही दुरुस्तीचं बिल किमतीच्या वर गेलं की कंपनी गाडी ‘टोटल’ ठरवते, चेक देते आणि लाडकी गाडी घेऊन जाते. चेक बाजारभावाचा, त्याने तिच्यावर किती रविवार घालवले ते त्यात येत नाही. आपल्याकडेही आयडीव्ही अशीच उतरते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरतात. हा हप्ता त्याने पंधरा वर्षं अपघाताविना भरला होता. आम्ही म्हटलं, ‘सोडून दे.’

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, ‘सर, पण गाडी गेली तर दुसरी घ्यायला पैसे नाहीत.’ वडिलांच्या आजारपणात साठवलेलं सगळं गेलं होतं. बँकेत दीड हजार डॉलर. कामाच्या जागी बस नाही, रेल्वे नाही. आम्ही गाडीची किंमत विचारली, प्रीमियम विचारला, अपघात विचारले. त्याची स्वतःची स्थिती विचारलीच नव्हती. बर्नुलीवर तीन व्याख्यानं दिलेल्या माणसाने!

उत्तर तिथेच मागे घेतलं. मग दोघांनी मिळून ठरवलं, की बँकेत गाडीच्या किमतीइतकी रक्कम जमेपर्यंत कोलिजन ठेवायचा, आणि दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी दोन्ही आकडे शेजारी मांडायचे. परवा त्याचा निरोप आला. बँकेत साडेतीन हजार झालेत, गाडी पाच हजारांवर आली आहे. यंदा विमा ठेवला.

पाणी पिऊन प्रश्न घेऊ या.