मेंदूचें माप आणि यंत्राचें माप

पायलीच खोटी असेल, तर कोठारांत दिसणारी तूट धान्याची म्हणावी कीं पायलीची? मेंदू मोजणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें हाच प्रश्न उभा राहिला.

१९७३ सालीं पॉल लॉटरबर यांनीं चुंबकीय अनुनादानें काढलेलें पहिलें चित्र प्रसिद्ध केलें. तें पाण्यानें भरलेल्या दोन बारीक नळ्यांचें होतें. स्थान ओळखण्यासाठीं त्यांनीं चुंबकक्षेत्र एका दिशेनें क्रमानें वाढविलें होतें. आजचें एमआरआय यंत्रही याच युक्तीवर चालतें. परंतु क्षेत्राची ही चढण सर्वत्र सम नसते. म्हणून चित्र कडांशीं ताणलें वा आकसलें जातें. शिवाय दीड टेस्लाच्या व तीन टेस्लाच्या यंत्रांत मेंदूंतील करड्या व पांढऱ्या द्रव्यांची सीमा किंचित् निराळी दिसते.

वार्धक्यांत निरोगी मेंदू वर्षाकाठीं सुमारें अर्धा टक्का घटतो. अल्झायमरच्या रोगांत ही घट अधिक वेगानें होते. यंत्र बदलल्यानें पडणारा फरक मात्र या अर्ध्या टक्क्याहून मोठा असूं शकतो!

२००४ सालीं अमेरिकेंत या रोगाच्या अभ्यासाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यांत अनेक केंद्रांचीं यंत्रें होतीं. ज्ञात अंतरांवर लहान गोलक बसविलेला एक गोल प्रत्येक यंत्रांत ठेवून त्या यंत्राची चूक पारखण्यांत आली. पायलीचीच ही परीक्षा होय.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांच्या दोन अहवालांत मेंदूची घट दिसली, तर धीर सोडण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें: दोन्ही वेळीं यंत्र तेंच होतें काय?