इंपीरियल स्टाउट

इंपीरियल स्टाउट हा गडद काळ्या रंगाच्या, अधिक मद्यार्क असलेल्या बिअरचा एक प्रकार आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये रशियाच्या राजदरबारासाठी अशी बिअर तयार होत असे. त्यामुळे तिला रशियन इंपीरियल स्टाउट असेही म्हणतात. साधारण बिअरमध्ये आकारमानाने ४ ते ५ टक्के मद्यार्क असतो; या प्रकारात तो बहुधा ८ ते १२ टक्के असतो. मात्र केवळ तीव्रता हा तिचा गुण समजला जात नाही. कडवटपणा, गोडवा आणि मद्यार्काची ऊब या तिन्हींचा तोल हे तिच्या गुणवत्तेचे मुख्य गमक मानले जाते.

नाव

‘स्टाउट’ या शब्दाचा बिअरच्या संदर्भातील मूळ अर्थ ‘जोरकस’ असा होता; रंगाशी त्याचा संबंध नव्हता. पोर्टर ही तपकिरी बिअर लंडनमध्ये लोकप्रिय झाल्यावर तिच्या जोरकस प्रकाराला ‘स्टाउट पोर्टर’ म्हटले जाऊ लागले आणि कालांतराने ‘स्टाउट’ एवढेच नाव उरले. ‘इंपीरियल’ म्हणजे शाही. हे विशेषण रशियन दरबाराशी असलेल्या व्यापारातून आले. आज ते इतर बिअरच्या तीव्र प्रकारांनाही लावले जाते.

इतिहास

लंडनच्या सदर्क भागातील अँकर ब्रुअरी या कारखान्याशी इंपीरियल स्टाउटचा इतिहास निगडित आहे. मालक हेन्री थ्रेल यांचे १७८१ मध्ये निधन झाल्यावर हा कारखाना १,३५,००० पौंडांना विकला गेला. प्रसिद्ध कोशकार सॅम्युएल जॉन्सन हे थ्रेल यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांपैकी एक होते. नवे मालक पुढे ‘बार्कले पर्किन्स’ या नावाने ओळखले गेले. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांच्या १७९६ मधील रोजनिशीत थ्रेल यांच्या कारखान्यातील पोर्टर प्यायल्याची नोंद आहे. ती रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास तयार केली जाते व सात वर्षे टिकते, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे त्यांनी लिहिले आहे. ही सम्राज्ञी म्हणजे कॅथरीन दुसरी होय.

एकोणिसाव्या शतकात ए. ले कॉक या व्यापारी पेढीने बार्कले पर्किन्सची स्टाउट बाल्टिक समुद्रमार्गे रशियाला पाठवली. १८६९ मध्ये बुडालेल्या ‘ऑलिव्हा’ या जहाजाच्या अवशेषांत या पेढीच्या नावाच्या बाटल्या सापडल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी या पेढीने आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे कारखाना घेतला.

दीर्घ समुद्रप्रवासात बिअर खराब होऊ नये म्हणून ती तीव्र केली गेली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती पटण्याजोगी वाटली तरी पुरेशी नाही. बाल्टिकपेक्षा कितीतरी लांबचा आणि उष्ण कटिबंधातून जाणारा भारताचा प्रवास साधी पोर्टरही करीत असे. येथील ब्रिटिश सैनिकांसाठी ती मोठ्या प्रमाणावर पाठवली जाई. त्यामुळे तीव्रतेचे कारण समुद्रापेक्षा ग्राहकाच्या आवडीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

पहिल्या महायुद्धात रशियात मद्यबंदी आली, १९१७ च्या क्रांतीने राजदरबारच संपला आणि ब्रिटनमध्ये धान्यटंचाईमुळे तीव्र बिअरवर निर्बंध आले. बार्कले पर्किन्स १९५५ मध्ये करेज कंपनीत विलीन झाली. करेजने ही परंपरा १९९३ पर्यंत कशीबशी चालू ठेवली. दरम्यान, १९८० च्या दशकात यॉर्कशायरमधील सॅम्युएल स्मिथ कारखान्याने अमेरिकेच्या बाजारासाठी इंपीरियल स्टाउट तयार केली. तेथील लहान कारखान्यांनी हा प्रकार उचलून धरला आणि तो नव्याने रुजला.

निर्मिती

या बिअरसाठी सातूला मोड आणून केलेला माल्ट नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक लागतो. डॅनिएल व्हीलर यांनी १८१७ मध्ये फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. त्यातून मिळालेल्या काळ्या माल्टच्या थोड्या प्रमाणानेही बिअरला गडद रंग व करपट चव येऊ लागली. माल्टचा गोडवा तोलण्यासाठी हॉप्स या वेलीची फुले भरपूर घालतात. किण्वनानंतर बिअर काही आठवडे ते अनेक महिने मुरू देतात. बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपांतच मुरवण्याचा अमेरिकन नियम असल्याने वापरलेली पिंपे सहज मिळतात. १९९० च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड या कारखान्याने अशा पिंपांत स्टाउट मुरवली. पुढे ही पद्धत सर्वत्र पसरली.

रसास्वाद

इंपीरियल स्टाउट बर्फासारखी थंड करून पीत नाहीत. अतिशीत बिअरचा गंध दबतो आणि कडवटपणा तेवढा जाणवतो. १० ते १३ अंश सेल्सियस तापमान योग्य मानले जाते. पेल्यात ती हळूहळू कोमट होत असताना एकेक गंध उलगडतो. पेला बुडाशी रुंद व तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे गंध एकवटतो. तो निम्म्याहून कमी भरतात.

प्रथम रंग पाहतात. उजेडासमोर धरल्यावरही ती बहुधा अपारदर्शक दिसते व फेस तपकिरी असतो. मद्यार्काच्या आधिक्यामुळे फेस लवकर विरणे हा दोष मानला जात नाही. गंधात कोरी कॉफी, कडू चॉकलेट, काकवी, काळ्या मनुका, खजूर वा सुके अंजीर यांची आठवण व्हावी. घोट जिभेवर क्षणभर फिरवून गिळतात. आधी गोडवा, मग भाजका कडवटपणा आणि शेवटी घशात ऊब, असा क्रम सहसा जाणवतो. ऊब सुखद असावी. घसा जाळणारा तिखटपणा किंवा रंगरोगणासारखा उग्र वास हे दोष होत. गोडवा चिकट वाटणे आणि करपट चव राखेसारखी लागणे, ही तोल गेल्याची लक्षणे आहेत.

साठवण

बहुतेक बिअर ताज्या प्यायच्या असतात. इंपीरियल स्टाउट अंधाऱ्या, थंड जागी बाटली उभी ठेवून काही वर्षे साठवता येते. काळानुसार हॉप्सचा कडवटपणा मावळतो, मद्यार्काची धार मऊ होते आणि प्राणवायूच्या मंद क्रियेने शेरी या वाइनसारखा किंवा सुक्या फळांचा गंध येतो. त्याच क्रियेने ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, तर मृत यीस्टमुळे सोया सॉससारखी चव येऊ शकते. म्हणून जुनी म्हणजे उत्तम, हे समीकरण प्रत्येक बाटलीला लागू पडत नाही. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्यास हा फरक स्पष्ट होतो.

मद्यार्काचे प्रमाण

१० टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बाटलीत ३३ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्के मद्यार्काच्या तेवढ्याच आकाराच्या दोन बाटल्यांइतके हे प्रमाण आहे. गोडवा आणि दाट पोत यांमुळे ते चवीवरून लक्षात येत नाही. त्यामुळे एक बाटली दोघा-तिघांत वाटून, सावकाश पिण्याचा प्रघात आहे.