घरोघरी तोच पत्ता

घरचं इंटरनेट अडलं की राउटर पालथा करून लेबल वाचलं जातं. तिथे बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतं. नाशिक असो वा न्यू जर्सी, आकडा तोच. घरोघरी सारख्याच असलेल्या या पत्त्याचं मूळ १९९४ सालच्या एका तडजोडीत आहे, आणि घरगुती नेटवर्कची बरीचशी दुखणी म्हणजे त्या तडजोडीवर चढलेलं व्याज आहे.

१९८१ च्या आयपी मानकाने पत्त्याला ३२ बिट दिले. म्हणजे जेमतेम ४२९ कोटी पत्ते. संगणक विद्यापीठांत आणि लष्करी संस्थांत असताना ते वारेमाप वाटले. टंचाई दिसू लागली तेव्हा मार्च १९९४ मध्ये खासगी वापरासाठी तीन पट्टे राखले गेले. त्यांतला १९२.१६८ ने सुरू होणारा राउटरच्या लेबलवर दिसतो; १० ने सुरू होणारा एके काळी इंटरनेटच्या पूर्वजाचा, अर्पानेटचा होता. मे महिन्यात एगेव्हँग आणि फ्रान्सिस यांनी ‘नॅट’ मांडलं: आतला पत्ता वेशीवर बदलायचा. पुढे पोर्टचे आकडेही बदलता येऊ लागले, आणि वाड्याला नंबर एक पण आत दहा बिऱ्हाडं, तसं अख्खं घर एका पत्त्यावर नांदू लागलं. मांडणाऱ्यांनी स्वतःच याला अल्पकालीन उपाय म्हटलं होतं. (अल्पकालीन गोष्टींचं आयुष्य सरकारी खात्यांनाही ठाऊक असतं.) जुलैत खासगी पट्ट्यांच्या विरोधकांनी लेखी बजावलं की पत्त्याचं एकमेवपण गेलं, तर दोन जाळी जोडताना आकडे आपटतील. नेमकं तेच आज घरात घडतं. कंपनीच्या मोडेमला आपला राउटर जोडावा, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ निघावा, आणि दिवे हिरवे असूनही पान उघडू नये. राउटरला १९२.१६८.२.१ दिलं, किंवा मोडेम ब्रिज मोडवर टाकला, की गाडी रुळावर येते.

नॅटमुळे घर सुरक्षित राहतं, असा प्रतिवाद होतो. पण न मागितलेली जोडणी अडवणं हे फायरवॉलचं काम. ते पत्ता न बदलताही होतं. नॅट नसतं तर प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता घ्यावा लागला असता, हा मुद्दा मात्र वजनदार आहे. फक्त त्या स्वस्ताईने १२८ बिटांचे पत्ते देणाऱ्या आयपीव्ही६ची निकड मारली. त्याचं मानक डिसेंबर १९९५ मध्येच आलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या ३२ बिटी पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला, आणि २०१२ मध्ये सेवा कंपन्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा आणखी एक पट्टा राखला गेला. राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, रकान्यात त्यातला आकडा दिसला, तर घरच्या कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बिनचूक भरा, बाहेरून तो दिसणार नाही. अडसर आपल्या दाराला नसून वरच्या वेशीला आहे.